सिटकॉममध्ये गंभीर विषयाचा एपिसोड: लिहायचा कसा आणि तो फसतो कुठे

सिटकॉमचा, म्हणजे दर भागात त्याच पात्रांना घेऊन येणाऱ्या विनोदी मालिकेचा, प्रेक्षकाशी एक करार असतो. भाग संपला की सगळं होतं तिथे परत येतं. नवऱ्याची नोकरी जाते आणि मिळते, शेजाऱ्याशी भांडण होतं आणि मिटतं, पुढच्या आठवड्यात त्याच सोफ्यावर तीच माणसं नवे घोळ घालायला हजर. व्यसन, मारहाण, गर्भपात, वंशद्वेष, आत्महत्या हे विषय या कराराला जुमानत नाहीत. भाग संपला तरी ते घरातून हलत नाहीत. लेखकाची खरी अडचण ही आहे. 'विनोदी मालिकेला असले विषय शोभतात का' हा वाद १९७० च्या दशकातच निकालात निघाला.

१९८० च्या दशकात अमेरिकेत अशा भागांचं पीक आलं. 'व्हेरी स्पेशल एपिसोड' म्हणून त्यांची जाहिरात व्हायची. पुढे ते तीन शब्द चेष्टेचा विषय झाले, आणि ते योग्यच झालं. साचा ठरलेला होता. कधी न पाहिलेला एखादा मित्र पहिल्याच सीनमध्ये उगवतो, सोबत व्यसन किंवा आजार घेऊन येतो, शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि नंतर त्या मित्राचं नावही कुणी काढत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मालिका ज्या यंत्रावर दर आठवड्याला हसवते, त्याच यंत्राने गंभीर विषयही ओढायला हवा. हे कसं करायचं ते एक काल्पनिक मालिका समोर ठेवून बघू. घरात आई, बाबा, अकरा वर्षांची मनू आणि त्यांच्याकडेच राहणारा मामा. आई दर भागात एक थाप मारते आणि ती निस्तरता निस्तरता भाग संपतो. मामा रात्री 'लावून' येतो, त्याला कुलपात किल्ली घालता येत नाही, आणि दाराबाहेरची ती खटपट हा तीन सीझन हमखास हशा घेणारा गॅग आहे. आता चॅनलने सांगितलंय की दारूच्या व्यसनावर एक भाग करा.

१. आधी आपलीच मालिका पुन्हा बघा

विषयाचं वाचन नंतर करा. पहिले जुने भाग काढून बसा आणि या विषयावर आपण आजवर कुठे कुठे हसलो त्याची यादी करा. जाड माणसावरचे विनोद, तोतरेपणावरचे, बायकोला घाबरणाऱ्या नवऱ्यावरचे, पिऊन आलेल्या मामावरचे. विषय नवा असला तरी मालिकेने त्यावर आधीच भूमिका घेतलेली असते, फक्त ती विनोदातून घेतलेली असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आपल्या मालिकेत दारुडा आधीच आहे, आणि तो लाडका आहे. त्याला बाजूला ठेवून दारूवरच्या भागासाठी बाबांच्या ऑफिसमधला कुणी सहकारी आणणं म्हणजे पळवाट. प्रेक्षकाला ते लगेच कळतं. इथे दुसरा पर्याय नाही. भाग मामावरच यायला हवा, आणि तीन सीझनच्या हशाचा हिशोबही त्यातच व्हायला हवा. लेखकांच्या खोलीत याला विरोध होईल. 'मामा हा आपला हुकमी एक्का आहे, त्याला कशाला हात लावायचा?' असं कुणीतरी म्हणेलच. त्याचं उत्तर पाचव्या पायरीत आहे.

२. विषय अरुंद करा, अगदी गैरसोय होईल इतका

'दारूचं व्यसन' हा भागाचा विषय होत नाही. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की हातात साधारण २२ मिनिटं उरतात, त्यात बी-ट्रॅकही, म्हणजे मुख्य कथेच्या जोडीने चालणारं छोटं कथानकही, चालवायचं असतं. तेवढ्या वेळात एकच प्रश्न मावतो. त्याचं उत्तर हो किंवा नाही असावं आणि त्याला मुदत असावी.

'द गोल्डन गर्ल्स' या मालिकेने १९९० साली एचआयव्हीवर भाग केला तेव्हा साथ, सरकार, समाज असं काहीही अंगावर घेतलं नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून लागण झाली असेल का म्हणून एका वयस्क बाईची चाचणी होते, आणि निकाल यायला ७२ तास आहेत. बस. भीती, लाज, मैत्रिणींचं बदललेलं वागणं, 'मलाच का' हा राग, सगळं त्या वाट बघण्यात आपसूक येतं.

आपला प्रश्न असा धरू: शनिवारी संध्याकाळी मनूचं शाळेत नाटक आहे, आई-बाबा थेट कामावरून येणार, मनूला गाडीतून मामा नेणार असं ठरलंय. आई मामाच्या हातात गाडीची किल्ली देते की नाही? वनलाइन एवढीच. एका वाक्यात हा प्रश्न मांडता आला नाही तर पुढे जाऊ नका.

३. माहिती काढा, पण कशासाठी काढताय ते ठरवून

आकडेवारी पटकथेत जवळजवळ कधीच लागत नाही. लागतात त्या सवयी. समुपदेशकांशी बोला, आणि त्याहून जास्त वेळ अशा घरात वाढलेल्या माणसांना द्या. त्यांना 'तुम्हाला कसं वाटायचं' हे विचारू नका, उत्तर गुळगुळीत येतं. 'तुम्ही काय करायचात' असं विचारा. मग कळतं की पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे मुलांना ओळखता येतं. ती मित्रांना घरी बोलवायचं बंद करतात. मोठ्यांच्या थापा त्यांना पाठ असतात आणि वेळ आली तर त्या थापा तीच पुढे सरकवतात. दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठीची अल-अ‍ॅनन ही स्वमदत चळवळ १९५१ पासून आहे, ती याच कारणाने. व्यसन एकाचं असलं तरी सांभाळून घेण्याची सवय अख्ख्या घराला लागते.

माहितीचा दुसरा उपयोग म्हणजे घातक शेवट टाळणं. मामाला पश्चात्ताप होतो, तो सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओततो आणि सकाळी दाढी करून ताजातवाना टेबलावर येतो, हा शेवट कुठल्याही पहिल्या ड्राफ्टमध्ये सापडेल. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम, कंप आणि तापाची अशी अवस्था येऊ शकते की वेळीच उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. म्हणून दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवतात. तुमचा गोड शेवट बघून एखाद्याने घरी तसंच केलं तर? आत्महत्येच्या विषयाला हाच नियम दुप्पट लागू. पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खास मार्गदर्शिका काढली आहे. पद्धत तपशिलात दाखवू नका, मृत्यूला सुटकेचं रूप देऊ नका आणि मदत मिळू शकते हे दिसू द्या, हा त्यातला गाभा. तो विषय घेणार असाल तर पहिल्या ओळीआधी ती वाचा.

४. भाग कुणाचा ते ठरवा

हा भाग मामाचा वाटतो. माझ्या मते तो आईचा आहे.

मालिकेचं यंत्र म्हणजे आईची थाप. मामाचं पिणं तीन सीझन चाललं, कारण आई सांभाळून घेत आली. 'दादाला बरं नाहीये', 'दादाचं जागरण झालंय', 'दादाला ताप आहे'. आजवर या थापांवर आपण हसलो. या भागात पहिल्यांदा त्यांची किंमत मनू मोजते. इतकी वर्षं हसू आणणारा स्वभावदोष जेव्हा इजा करायला लागतो, तेव्हा गंभीर भाग मालिकेच्या आतून उगवतो.

अमेरिकन निर्माता नॉर्मन लिअरच्या 'मॉड' मालिकेने नोव्हेंबर १९७२ मध्ये गर्भपातावर दोन भाग केले. तेव्हा न्यूयॉर्क राज्यात गर्भपात कायदेशीर होऊन दोन वर्षं झाली होती, सर्वोच्च न्यायालयाचा देशभरासाठीचा निकाल मात्र अजून यायचा होता. सोपी वाट अशी होती की शेजारच्या एखाद्या तरुण मुलीवर प्रसंग येतो आणि मॉड तिला सल्ला देते. तसं केलं नाही. ४७ वर्षांची, आजी झालेली मॉड स्वतःच गरोदर राहते. एरवी कुणालाही ऐकून न घेणारी, प्रत्येक बाबतीत ठाम मत असलेली ही बाई पहिल्यांदाच गोंधळते. विनोद तिथूनच येतो आणि वेदनाही तिथूनच. काही स्थानिक केंद्रांनी ते भाग दाखवायला नकार दिला, पुनःप्रक्षेपणाच्या वेळी तर नकार देणारी केंद्रं डझनांनी वाढली. पाहुणी मुलगी असती तर एवढं कुणी बिथरलं नसतं.

५. हसायचं कुणाला?

इथे वेळ घालवा. बाकी सगळं जमून भाग याच जागी फसू शकतो.

लिअरचीच 'ऑल इन द फॅमिली' १९७१ साली सुरू झाली. आर्ची बंकर हा तोंडाळ, वंशद्वेष्टा बाप, आणि त्याच्याशी वाद घालणारा पुरोगामी जावई. लिअरचा हेतू उघड होता, आर्चीचं अज्ञान हास्यास्पद ठरवायचं. १९७४ साली नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला. मुळात पूर्वग्रह जास्त असलेल्या प्रेक्षकांना जावयापेक्षा आर्ची आवडत होता, आणि वादात शेवटी आर्चीच जिंकतो असं त्यांना वाटत होतं. तोच सीन, तोच पंच, पण हसण्याची कारणं उलटी. उपरोध आपलं काम आपोआप करतो या समजुतीवर कुठल्याही विनोदी लेखकाने निर्धास्त राहू नये.

यावर पक्का इलाज नाही. पण एक तपासणी आहे. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक पंचसमोर समासात लिहा: हसू कुणावर, आणि ज्याला या विषयाची झळ बसली आहे तो हे बघत असेल तर तो कुणाबरोबर हसेल? आपल्या भागात तीन प्रकारचे विनोद चालतील. आईच्या थापा उघड्या पडतात ते. बाबा कळून न कळल्यासारखं करतात ते. आणि मनूचे स्वतःचे, कारण अशा घरातल्या मुलांना भयंकर विनोदबुद्धी असते. न चालणारा प्रकार एकच: मामाचा तोल जातो म्हणून हसू. तो या भागापुरता कापा. बाकीचं लपवायला जाऊ नका.

दुसरी अट म्हणजे ज्याच्यावर हसू आहे त्याला काहीतरी गमवावं लागलं पाहिजे. आर्ची दर भागाच्या शेवटी त्याच आरामखुर्चीत बसतो. ज्याला तो जिंकलेला बघायचा असतो, त्याला तेवढं पुरतं.

६. जुना गॅग घ्या आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवा

आता तो कुलपाचा गॅग. तीन सीझन आपण तो बाहेरून, जिन्यातून बघितला. मामा किल्लीशी बोलतो, कुलपाची माफी मागतो, हशा. या भागात तो दुसऱ्या सीनमध्ये जसाच्या तसा पुन्हा घडतो, फक्त आपण दाराच्या आत आहोत. आतल्या खोलीत मनू आणि तिची मैत्रीण गाथा नाटकाचे संवाद पाठ करतायत. बाहेर किल्ली खरवडल्याचा आवाज.

मनू: लाइट घालव.
गाथा: का?
मनू: लाइट दिसला की तो गोष्टी सांगत बसतो.
गाथा: मग छानच की!
मनू: मग रडतो. मग आई त्याला झोपवते. मग सकाळी आई म्हणते, मामाला ताप होता.
गाथा: रोज ताप येतो?
मनू: सुट्टीच्या आदल्या दिवशी जास्त.

शेवटच्या ओळीवर हसू येईल आणि यायलाच हवं. ते हसू मनूबरोबर आहे. सीनमध्ये 'दारू' हा शब्द नाही, मनू दुःखी दिसत नाही, ती फक्त सराईत आहे. कलाकाराला हेच सांगा: चेहरा पाडू नकोस, हे तुझं नेहमीचं आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये याच जागी मनू मामाला म्हणत असते, 'मामा, तू पितोस ना तेव्हा मला खूप भीती वाटते.' तिला ते वाटत असेलही, पण अकरा वर्षांचं मूल हे असं समोर उभं राहून म्हणत नाही. ते लाइट घालवतं.

वस्तूंच्या बाबतीतही तेच. 'ऑल इन द फॅमिली'च्या १९७७ च्या एका भागात आर्चीच्या बायकोचा, ईडिथचा, पन्नासावा वाढदिवस असतो. शेजारी गुपचूप पार्टीची तयारी, घरात ओव्हनमध्ये केक, ठरलेला कौटुंबिक मामला. पोलीस असल्याची बतावणी करून एक माणूस घरात शिरतो आणि तिच्यावर जबरदस्ती करू बघतो. ती सुटते ती त्याच केकमुळे. ओव्हनमधून धूर यायला लागतो आणि ती जळका केक त्याच्या तोंडावर मारते. सुटकेचं साधन विनोदी सेटअपमधूनच आलं. पुढचा भाग पोलिसांकडे जायचं की नाही यावर आहे, आणि तो अर्धा मला जास्त धाडसी वाटतो.

आपल्याकडे किल्ली आहे. दुसऱ्या सीनमध्ये घराची, शेवटी गाडीची. आणखी प्रतीकं शोधू नका.

बी-ट्रॅक हलकाच ठेवा, पण त्याच कुळातला. समजा बाबांनी शेजाऱ्यांची शिडी मोडली आहे आणि ते लपवत फिरतायत. इथेही लपवणंच, फक्त बिनविषारी. कटिंगचा नियम असा की जड सीनच्या आधी बी-ट्रॅकवर जाऊन या, जड सीननंतर लगेच जाऊ नका. रडवेल्या सीनवरून थेट शिडीवर कट मारला की लेखक घाबरला हे दिसतं.

७. हशाचा आवाज

मालिकेत रेकॉर्डेड हशा असेल तर तो कुठे बंद होणार हे पटकथेतच लिहा, एडिटवर सोडू नका. 'मॅश' ही युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची विनोदी मालिका. तिच्या निर्मात्यांना हशाचा ट्रॅक मुळातच नको होता, चॅनलला हवा होता. तडजोड अशी झाली की ऑपरेशन थिएटरच्या सीनमध्ये हशा नाही. १८ मार्च १९७५ च्या भागात घरी निघालेल्या कर्नल ब्लेकच्या, म्हणजे रुग्णालयाच्या लाडक्या प्रमुखाच्या, मृत्यूची बातमी येते ती याच थिएटरमध्ये. पटकथेचं ते शेवटचं पान मालिकेचा लेखक-निर्माता लॅरी गेलबार्टच्या टीमने बहुतेक कलाकारांपासून शूटिंगपर्यंत लपवून ठेवलं होतं. त्या खोलीत हशा नसण्याची प्रेक्षकाला तीन सीझनची सवय होती, म्हणून त्या क्षणी कुणी मुद्दाम शांतता लादल्यासारखी वाटली नाही. तुमच्याही मालिकेत अशी एखादी जागा आधीपासून राखून ठेवता आली तर बघा. एकाच भागात अचानक हशा गायब झाला आणि पियानो सुरू झाला, की प्रेक्षक सावरून बसतो आणि उपदेशाची वाट बघायला लागतो.

८. भाषण कापा

प्रत्येक ड्राफ्टमध्ये एक भाषण असतं. बहुतेक वेळा ते सर्वांत समजूतदार पात्राला दिलेलं असतं. लिहा, मनातलं बाहेर येऊ दे, आणि मग त्यातली एकच ओळ ठेवा. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने १९८८ साली 'आज गाडी चालवणार तो पिणार नाही' ही कल्पना रुजवण्यासाठी हॉलिवूडच्या लेखकांना गाठलं, तेव्हा त्यांनी अख्खे भाग मागितले नाहीत. कथेच्या ओघात एखादा संवाद, एखादा प्रसंग, एवढंच. पुढच्या चार हंगामांत १६० हून जास्त कार्यक्रमांत ते येऊन गेलं. प्रेक्षकाच्या लक्षात राहिली ती वागण्याची रीत.

९. शेवट अर्धवट ठेवा, पण एक दार बंद करा

शनिवार. आई मीटिंग अर्धवट सोडून घरी येते. मामा तयार, नवा शर्ट, केस विंचरलेले, शब्द जरा जड. किल्लीसाठी हात पुढे. आई किल्ली पर्समध्ये टाकते. उशीर होणार म्हणून शाळेत फोन लावते.

आई: बाई, मनूला यायला थोडा उशीर होईल. माझा भाऊ आणणार होता, पण तो... तो प्यायलाय.
(पलीकडचं ऐकते.)
आई: नाही हो. ताप नाहीये. या वेळी खरंच ताप नाहीये.

तीन सीझन थापा मारलेल्या बाईचं पहिलं खरं बोलणं कुणी खरं मानत नाही. मालिकेचंच यंत्र, त्याच विनोदाने चाललेलं. मनू हे दारात उभी राहून ऐकते. नाटकाचा पहिला प्रवेश चुकतो. मामा सोडत नाही, शपथ घेत नाही, रुग्णालयात भरती होत नाही. बदललंय ते एवढंच की आई आता 'ताप' म्हणणार नाही. व्यसन बरं करणं २२ मिनिटांच्या हातात नाही, पण एक थाप बंद करणं आहे.

क्रेडिटनंतरचा छोटा टॅग, म्हणजे शेवटचा चिमुकला प्रसंग, ठेवायचा असेल तर शिडीचा ठेवा, आणि त्यात मामा नको.

१०. लिहून झाल्यावरची कामं

ज्यांच्याशी तिसऱ्या पायरीत बोललात त्यांच्यापैकी दोघा-तिघांसमोर स्क्रिप्ट वाचा. 'आवडलं का' विचारू नका. ते कुठे हसतात आणि कुठे खुर्चीत हलतात ते टिपा. त्यांना ओळखता येईल असा तपशील चुकून आला असेल तर बदला, परवानगी मिळाली असली तरी.

बालकलाकार असेल तर पालकांशी आधी बोला. मुलाला सीनपुरतं आणि त्याच्या वयाला पेलेल एवढंच सांगा, आणि मोठ्यांच्या आरडाओरड्याचे शॉट शक्यतो मूल सेटवर नसताना घ्या.

प्रोमो स्वतः बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका. लेखकांचा यावर फारसा ताबा नसतो हे खरं, तरी भांडा. दुसऱ्या सीनमधली मनूची शेवटची ओळ तोडून, मागे हशा लावून प्रोमो गेला तर पाचव्या पायरीची सगळी मेहनत पाण्यात. आधीची सूचना आणि शेवटची मदतवाहिनी साध्या अक्षरांत, कलाकाराला कॅमेऱ्याकडे बघायला न लावता द्या. तो क्रमांक प्रसारणाच्या दिवशी स्वतः लावून बघा.

आणि पुढचे भाग. चार-पाच स्क्रिप्ट आधीच लिहून झालेल्या असतील, त्यांत कुलपाचा गॅग कुठेतरी बसलेला असेलच. तो शोधून काढा. पुनःप्रक्षेपणात जुने भाग लागतच राहणार, त्याला इलाज नाही, पण नव्या भागात मामा दाराशी खटपट करताना दिसला आणि मागे हशा वाजला, तर हा भाग केला नसता तरी चाललं असतं.